आडनाव शेवटी विचारा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी या गावातल्या दोन पिढ्यांना मोडी वाचायला शिकवलं. म्हणून मी विषयही जुन्या कागदांचाच निवडला. शे-दीडशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेलेल्या माणसांची आडनावं परमुलखात बदलली. आज त्यांची पणतवंडं मूळ गाव शोधत आपल्या दाराशी येतात. त्यांच्या कागदावरचं आडनाव आपल्याला ओळखू येत नाही. ‘या आडनावाचं आमच्याकडे कोणी नाही’ असं सांगून आपण त्यांना वाटेला लावतो. हे उत्तर आपण फार घाईने देतो, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात मॉरिशसपासून करतो, कारण तिथल्या दप्तरात कोकण आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ हे जहाज छत्तीस हिंदी मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदराला लागलं. पुढच्याच फेब्रुवारीत त्या बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती, ती हिंदुस्थानातून करारावर नेण्याचा प्रघात पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ साडेचार लाख माणसं तिथं उतरली. बहुतेक कलकत्त्याहून गेली, पुष्कळ मद्रासहून आणि काही मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीचे, सावंतवाडीचे लोक होते. ज्या बंदरातून जहाज सुटलं त्याच्यावरून तिथं त्यांची ओळख ‘बॉम्बे’वाले अशी झाली. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते, आणि आपल्या जाखडी नाचाचं रूप तिथं ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे. पोर्ट लुईच्या ज्या डेपोत ही माणसं प्रथम उतरायची, तो आता ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो. २००६ साली त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. या सगळ्या माणसांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत.

या नोंदवहीतली एक ओळ नजरेसमोर आणा. आधी क्रमांक. मग नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण. पुढे जिल्हा, परगणा, गाव. मग जहाज, आल्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर धाडलं ते. माणसाबद्दल इतकं विचारलं, पण आडनाव विचारलेलं नाही. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपण आडनावाशिवाय अर्जसुद्धा भरू शकत नाही. मुंबईच्या बंदरात उभ्या असलेल्या कुणब्याला मात्र त्यात वावगं वाटलं नसणार. गावच्या मोडी कागदातही तो ‘रामजी बिन सखोजी’ असाच होता. कुळी असायची, देवक असायचं, गावऱ्हाटीत मान असला तर तोही असायचा. पण रोजच्या व्यवहारात माणूस आपल्या नावाने, बापाच्या नावाने आणि वाडीवरून ओळखला जायचा.

आता समजा, सावंतवाडीकडचा बापू १८५० नंतर कधीतरी मुंबईहून जहाजात चढला. नोंदवहीत लागलं बापू, बापाचं नाव रामजी. मॉरिशसमध्ये त्याला मुलगा झाला, नाव ठेवलं लक्ष्मण. इंग्रजांनी १८१० साली ते बेट फ्रेंचांकडून घेतलं, तेव्हा तिथले फ्रेंच कायदे आणि चालीरीती राखण्याचं वचन दिलं होतं. त्यामुळे जन्म, लग्न, मृत्यू नोंदवण्याची पद्धत फ्रेंच राहिली, आणि तिला प्रत्येक माणसाचं घराण्याचं नाव हवं होतं. कारकुनाने बापाचं नाव तेच आडनाव धरलं. मुलगा झाला लक्ष्मण बापू. बापूचा सख्खा भाऊ गोविंद दुसऱ्या जहाजाने आला असेल, तर त्याची मुलं गोविंद आडनावाची. म्हणजे दोन सख्ख्या चुलतभावांची दोन आडनावं झाली, आणि तिसरा भाऊ तर गावातच राहिला. त्याच्या मुलाचं नाव शाळेत घालताना कुळीवरून परब लागलं असेल, नाहीतर गावडे. एका आजोबांची नातवंडं बापू, गोविंद आणि परब या तीन आडनावांची झाली. यात फसवणूक कुणाची नाही आणि चूकही कुणाची नाही. मॉरिशसच्या मराठी घरातला कुणी उद्या ‘बापू’ हे आडनाव घेऊन सावंतवाडीच्या बाजारात विचारत फिरला, तर त्याला एकही घर सापडणार नाही. त्याच्या आजोबांच्या आजोबांचं घर मात्र कदाचित शंभर पावलांवर असेल.

आता स्पेलिंगकडे वळतो. वंशावळ शोधणारे सगळ्यात जास्त अडतात ते इथंच.

मॉरिशसचे दीर्घकाळ पंतप्रधान राहिलेले अनिरुद्ध जगन्नाथ यांचं आडनाव रोमन लिपीत जे, यू, जी, एन, ए, यू, टी, एच असं लिहितात. पहिल्या ‘ज’मधल्या अकाराला तिथं ‘यू’ हे अक्षर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज अधिकारी आपला ऱ्हस्व ‘अ’ असाच लिहायचे. त्यांच्या भाषेतल्या ‘कट’, ‘बट’ या शब्दांत ‘यू’चा उच्चार तसाच होतो. फोर्ट विल्यम कॉलेजातल्या जॉन गिलख्रिस्ट यांच्या वळणाची ही रोमन लेखनपद्धत होती. पंजाबच्या स्पेलिंगमध्ये ‘यू’ अजून शिल्लक आहे तो याच काळातला, आणि जुन्या इंग्रजी कागदांत रत्नागिरीही ‘यू’ने लिहिलेली सापडते. पुढे १८७०च्या दशकात विल्यम हंटर यांची पद्धत सरकारने स्वीकारली, ‘अ’साठी ‘ए’ आलं आणि इथली स्पेलिंगं हळूहळू सुधारली. तिकडे गेलेल्यांची नावं तोवर वह्यांत बसून गेली होती. एवढ्यावरही थांबलं नाही. इंग्रज कानाने ऐकून लिहिलेलं ते नाव मॉरिशसमध्ये फ्रेंच वळणाची जीभ वाचू लागली. फ्रेंचमध्ये ‘ए’ आणि ‘यू’ शेजारी आले की उच्चार ‘ओ’ होतो. जगन्नाथाचा ‘जुग्नोथ’ झाला तो असा. मॉरिशसचेच दुसरे दोन पुढारी घ्या. शिवसागर रामगुलामांच्या नावातले डबल ई आणि डबल ओ, बासदेव विष्णुदयाळ यांच्या आडनावातला सुरुवातीचा ‘बी’, यांचाही माग असाच काढता येतो. ‘बी’ बिहारच्या बोलीतून आला, डबल ओ इंग्रज कारकुनाकडून आला.

मला ही स्पेलिंगं मोलाची वाटतात. बिघडलेलं नाव समजून आपण ज्याच्यावर हळहळतो, त्या नावात प्रवासाचा माग लिहिलेला असतो. कोणत्या बोलीत ते उच्चारलं गेलं, कोणत्या काळच्या रिवाजाने लिहिलं गेलं, पुढे कोणत्या भाषेने ते वाचलं, हे अक्षरांवरून उलगडत जातं. शुद्धलेखनाच्या हौसेने ते कुणी ‘दुरुस्त’ करून वंशावळीत लिहिलं, तर हा माग पुसला जातो. म्हणून अशा शोधात कागदावर जसं आहे तसंच उतरवायचं आणि आपला अर्थ शेजारी वेगळा लिहायचा. हा नियम कितीही कंटाळवाणा वाटला तरी मोडू नये.

हेच जगन्नाथ नाव सुरिनामला कसं गेलं ते पाहा. ‘लल्ला रूख’ हे जहाज हिंदी मजूर घेऊन ५ जून १८७३ रोजी पारामारिबोला पोचलं. ती डच वसाहत होती. तिथले गाजलेले पुढारी आणि संसदेचे अध्यक्ष जगन्नाथ लक्ष्मण यांचं नाव तिथं लिहितात ‘जागेरनाथ लाचमोन’ असं. एका बाजूला जुग्नोथ, दुसऱ्या बाजूला जागेरनाथ. दोन्ही नावं पुरीच्या एकाच देवाची, आणि दोन्हीकडची माणसं कलकत्त्याच्या बंदरातून गेलेली.

अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा नावांसाठी एक साधन फार पूर्वी केलं. ‘साउंडेक्स’ या पद्धतीचं पेटंट रॉबर्ट रसेल यांना १९१८ मध्ये मिळालं. १९३०च्या दशकात अमेरिकन जनगणनेच्या याद्यांची सूची तिच्या आधारे केली गेली. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे आणि मिळत्याजुळत्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. आपल्या नावांवर ती चालवून पाहिली, तर ‘जगन्नाथ’ आणि ‘जुग्नोथ’ या दोघांचाही संकेत जे-२५३ येतो. उत्तम. जागेरनाथचा मात्र जे-२६५ येतो, कारण मध्ये ‘आर’ शिरला. विष्णुदयाळ ‘व’ने लिहिलं तर व्ही-२५३ आणि ‘ब’ने लिहिलं तर बी-२५३. आकडे तंतोतंत तेच, पण पहिलं अक्षर वेगळं म्हणून यंत्र त्यांना दोन घराणी समजतं. व आणि ब यांची अदलाबदल ज्या मुलखात पावलोपावली होते, तिथल्या माणसांसाठी हे साधन घडवलेलं नाही. आज संगणकावर नाव टाकून वंशावळ शोधणाऱ्या तरुणांनी एवढं लक्षात ठेवावं, की ‘नोंद सापडली नाही’ याचा अर्थ नोंद नाही असा होत नाही.

एक समजूत जगभर पसरलेली आहे, तिच्याबद्दल बोलायलाच हवं. परदेशातल्या बंदरावर एक उर्मट अधिकारी बसला होता, त्याला आपलं नाव उच्चारता येईना, म्हणून त्याने फटकन दुसरंच लिहिलं आणि घराण्याचं नाव कायमचं गेलं. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडबद्दल ही गोष्ट हजारो अमेरिकन घरांत सांगतात. १९७४ सालच्या ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात तर ती पडद्यावरच दिसते. सिसिलीहून आलेल्या आंदोलिनी आडनावाच्या मुलाला गावाच्या नावावरून कोर्लिओने करून टाकतात. एलिस आयलंडचं ठाणं १८९२ मध्ये उघडलं, १९५४ मध्ये बंद झालं आणि तिथून एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसं अमेरिकेत शिरली. प्रत्यक्षात तिथले अधिकारी नावं लिहीत नव्हते. प्रवाशांची यादी जहाज निघतानाच युरोपच्या बंदरात तयार व्हायची. एलिस आयलंडवर ती यादी समोर ठेवून प्रश्न विचारायचे, आणि निरनिराळ्या भाषांचे दुभाषे तिथं नेमलेले होते. नावं बदलली ती पुढे. कुणी कारखान्यात, कुणी शाळेत, कुणी नागरिकत्वाचा अर्ज भरताना ती बदलली. १९०६च्या कायद्यानंतर नागरिकत्व देतानाच कोर्टाला नाव बदलून देता यायचं. न्यूयॉर्कच्या ज्यू कुटुंबांनी कोर्टात अर्ज करून आडनावं बदलली, त्यांच्यावर कर्स्टन फर्मॅग्लिश यांनी लिहिलेलं पुस्तक २०१८ मध्ये आलं आहे. नोकऱ्या नाकारल्या जात होत्या, कॉलेजांत प्रवेश मिळत नव्हता, म्हणून त्यांनी स्वतः ती पावलं उचलली.

मग ही गोष्ट इतकी लोकप्रिय का? मला वाटतं, आजोबांनी भीतीपोटी किंवा गरजेपोटी नाव बदललं हे सांगणं घरच्यांना जड जातं. अनोळखी अधिकाऱ्यावर ढकललं की सुटका होते. पण त्यात आजोबांचा निर्णय पुसला जातो. त्यांनी काय सोसलं आणि कशासाठी नाव टाकलं, हे कळण्याची वाटच आपण बंद करतो.

मॉरिशसच्या बाबतीतही राग कशाचा धरायचा हे नीट पाहिलं पाहिजे. तिथं अन्याय झाला तो स्पेलिंगचा नव्हता. करार संपलेल्या माणसालाही परवान्याशिवाय मोकळं फिरता येत नव्हतं, आणि १८६७च्या कायद्याने त्या परवान्यावर फोटो सक्तीचा झाला. रस्त्यात पकडलं आणि परवाना जवळ नसला की तुरुंग. १८७१ मध्ये तिथले मळेवाले अडॉल्फ द प्लेवित्झ यांच्या पुढाकाराने जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर नऊ हजारांहून अधिक माणसांची नावं होती. पुढल्या वर्षी चौकशीसाठी इंग्लंडहून रॉयल कमिशन आलं. जाचासाठी काढलेले ते फोटो आज मोका इथं आहेत. नाकासमोर पाहणारी बाई, मुंडाशातला म्हातारा, आणि सोबत प्रत्येकाचा क्रमांक. शेकडो घरांत पूर्वजाचा दुसरा फोटोच नाही. माणसाला क्रमांक देणं हा अपमानच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या क्रमांकाच्या आधारानेच आज पणतू पणजोबापर्यंत पोचतो. मुलांच्या जन्मनोंदीत, लग्नाच्या नोंदीत आईबापांचा तो क्रमांक सापडतो. नाव चार प्रकारे लिहिलं असलं तरी क्रमांक बदलत नाही.

आता त्रिनिदादचं उदाहरण घ्या. तिथल्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर २०१२च्या जानेवारीत बिहारमधल्या बक्सर जिल्ह्यातलं भेलूपूर पाहायला आल्या. तिथून गेलेले त्यांचे पूर्वज होते रामलखन मिश्रा. आता मिश्रा कुठे आणि प्रसाद-बिसेसर कुठे! प्रसाद हा नावाचा उत्तरार्ध, तो तिकडे आडनाव झाला. बिसेसर म्हणजे विश्वेश्वर, तेही कुणाचं तरी पाळण्यातलं नाव. भेलूपुरात ‘प्रसाद-बिसेसर’ विचारून शंभर वर्षं फिरलं असतं तरी काही हाती लागलं नसतं. अशा अनेक कुटुंबांची मुळं शोधणारे त्रिनिदादचे संशोधक शमशू दीन यांनी दाखवून दिलं, की आडनाव बाजूला ठेवून जहाजाची यादी, परवान्यावरचं गाव आणि बापाचं नाव यांची सांगड घातली की माणूस सापडतो.

आपण मात्र समजतो, की हे सगळं समुद्रापार घडलं आणि आपली आडनावं शुद्ध राहिली. तसं नाही. शिंदे ग्वाल्हेरला गेले आणि सिंधिया झाले. बडोद्याच्या गायकवाडांना जुन्या इंग्रजी कागदांत ‘गायकवार’ केलेलं आहे. तंजावरकडच्या मराठी मंडळींचा ‘राव’ रोमन लिपीत आर-ओ-डब्ल्यू झाला. त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव आपलं नाव असंच लिहीत. गोव्यातल्या कामतांचं पोर्तुगीज कागदात ‘कामोतिम’ झालं आणि मंगळूरच्या कामतांनी शेवटी एक ‘एच’ घेतला, कारण दक्षिणेत ‘त’ लिहायची ती रीत आहे. पोर्तुगीज कागदांत नाईक, काकोडकर या आडनावांतला ‘क’ ‘क्यू’ने किंवा ‘सी’ने लिहिलेला असतो. गोव्यात नाव आणि आडनाव बदलण्यासाठी १९९० साली स्वतंत्र कायदाच करावा लागला.

कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये ज्यांनी बांधलं, ते इंग्रजी कागदांत सॅम्युअल इझिकेल दिवेकर आणि मराठी माणसांत सामाजी हसाजी दिवेकर. मुंबईतला सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. सॅम्युअलचा सामाजी झाला, इझिकेलचा हसाजी झाला, आणि दिवे गावावरून दिवेकर. दोन्ही नावं खरी होती, त्यांनी दोन्ही वापरली. १९४८ नंतर ही मंडळी इस्रायलला गेली आणि किहीमवरून आलेलं केहिमकर, रोह्यावरून आलेलं रोहेकर ही नावं हिब्रू लिपीत उतरली. त्या लिपीत रोजच्या लेखनात स्वरचिन्हं देत नाहीत. तिथं जन्मलेल्या नातवाला आपलं आडनाव नेमकं कसं उच्चारायचं, हे कागद सांगत नाही. ते रायगड जिल्ह्यातलं गावच सांगतं.

आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव घ्यायचं, तर साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका मुलाचा प्रवेश नोंदला गेला. घराणं सकपाळांचं, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. सकपाळ हे आडनाव धरून बसणाऱ्याला ही नोंद सापडली नसती. महाराष्ट्रातली असंख्य आडनावं अशीच शाळेच्या पटावर पक्की झाली आहेत. जुन्या कागदांत व्यक्तीचं नाव, बापाचं नाव आणि गाव हेच अधिक टिकाऊ असतं. मोडीत तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा पाळत नसत. इकार कोणता, उकार कोणता, यावरून दोन घराणी वेगळी काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

उलट बाजूही आहे, तीही सांगायला हवी. स्पेलिंग जुळलं म्हणून नातं जुळत नाही. दोन मळ्यांवरचे दोन बापू एकमेकांचे कोणी नसू शकतात. रामजी नावाचे बाप कोकणात किती असतील याची गणती नाही. गाव, बाप, वय, जहाज यांपैकी निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय ‘हेच तुमचं घर’ असं कुणाला सांगू नये. परदेशातून आलेली माणसं डोळ्यांत पाणी आणून विचारतात, आपल्यालाही त्यांना रिकाम्या हाती पाठवणं जिवावर येतं, आणि अशा वेळी चुकीचं घर दाखवण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. चुकीचं घर मिळालं की पुढचा शोध थांबतो.

मी इथं काय मागतो आहे ते सांगून थांबतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या जिल्ह्यांतल्या प्रत्येक गावात जुना शाळेचा पट आहे. जन्ममृत्यूच्या वह्या आहेत. देवस्थानाचे मानपानाचे कागद आहेत, आणि कुठल्यातरी घरात मोडीचं गाठोडं आहे. त्यातलं पुष्कळ वाळवी खाते आहे. गुरुजींकडे मोडी शिकलेले पंधरा-वीस जण आज या सभागृहात आहेत. आपापल्या गावचे हे कागद वाचून, जसे आहेत तसे उतरवून, त्यांची एक यादी शाळेत ठेवा. आणि मॉरिशसहून, इस्रायलहून, कुठूनही कुणी दाराशी आलं, तर आधी बापाचं नाव विचारा, मग गाव, वाडी, कुळदैवत, जहाजाचं साल विचारा. आडनाव शेवटी विचारा.